कान नीट आला पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. साबणाच्या वडीएवढा, रंगाने चंदेरी, एका कोपऱ्याला पोचा आलेला. मी शर्टाच्या खिशात मावतो, म्हणून एके काळी माझं फार कौतुक होतं. आता माझ्या बॅटरीत चार्जिंग टिकत नाही आणि भिंगाची नळी अर्धी बाहेर येऊन अडकते. मुरुमजवळच्या एका वाडीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मी पडून असतो. तिथे कसं वाटतं असं विचाराल, तर बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. बरीच वर्षं बंद राहिलं की वाटणं कमी होत जातं.

तरी एक हकिगत सांगायची आहे. या घरातले हरिबा नावाचे म्हातारे मेंढपाळ आहेत. त्यांना आपल्या गेलेल्या बायकोचा चेहरा एकदा बघायचा होता. घरात तो कुठेच सापडत नव्हता. माझ्याकडे तो होता, पण मला बोलता येत नाही.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही, उगाच खोटं कशाला सांगू. मला आठवतं ते सोलापूरचं एक दुकान आणि काचेपलीकडून माझ्याकडे वाकून बघणारा कुमार. साल दोन हजार नऊ. कुमार हा हरिबांचा मुलगा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातला तो पहिला नोकरदार. तामलवाडीच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून तो नुकताच लागला होता आणि त्याला फोटो काढायला काहीतरी हवं होतं.

हे फोटो लग्नामुंजीचे नव्हते, कानांचे होते. जनावराचा विमा उतरवला की त्याच्या कानात पिवळा बिल्ला ठोकतात. त्यावर नंबर असतो. तो नंबर फोटोत वाचता आला पाहिजे, नाहीतर कागद परत येतो. म्हणून मालकाने जनावराचा कान धरायचा, बिल्ला पुढे करायचा आणि कुमारने वीतभर अंतरावरून मला रोखायचं. माझ्या पाठीवर फुलाचं चिन्ह असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की मला जवळचं स्वच्छ दिसतं. कुमारने ते बटण जे दाबलं ते दाबलंच. पुढची सहा वर्षं मी जगाकडे वीतभर अंतरावरून बघितलं.

म्हशींचे कान, गाईंचे कान, शेळ्यांचे कान. मेंढीचा कान लोंबतो, तो दोन बोटांत ताणून धरावा लागतो. कान धरणारे हात मला ओळखू यायला लागले होते. माणसं मात्र मी फारशी पाहिली नाहीत. मालकाचं तोंड चौकटीच्या थोडं वरती राहायचं. मला एक बोट वर धरलं असतं तरी ते आलं असतं. पण कुमारचं एकच म्हणणं असायचं, "कान नीट आला पाहिजे."

दवाखान्यातले मोठे साहेब एकदा म्हणाले, "तुमचे नंबर लई साफ येतात." कुमारने मला रुमालाने पुसलं आणि परत खिशात ठेवलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता. तेव्हा वाटायचं.

तीन वर्षांनी त्याची बदली मुरुमकडे झाली आणि मी या घरी राहायला आलो. हरिबांची ऐंशी मेंढरं होती. त्यांची बायको नागूबाई. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, आवाज रानातून वाडीत ऐकू येईल असा. कळप नागूबाईच हाकायची. हरिबा नुसते काठी घेऊन चालायचे आणि आपणच हाकतोय असं समजायचे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एका सकाळी कुमार घरच्याच मेंढ्यांचे फोटो काढायला निघाला. माझं कार्ड तो आदल्या दिवशी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला लावून तसंच विसरून आला होता. मित्रांनो, माझ्या पोटात कार्डाशिवायही एक लहानशी जागा आहे. दहा-बारा फोटो मावतील एवढी. हे कुमारला ठाऊक नव्हतं. त्याने मला चालू केलं, फुलाचं बटण दाबलं आणि म्हणाला, "माय, कान धर."

नागूबाईने एका हाताने मेंढीच्या मानेला मिठी घातली आणि दुसऱ्या हाताने कान ताणला. पहिला फोटो झाला. दुसऱ्याच्या वेळी मागून एक मेंढा आला आणि त्याने कुमारच्या ढुंगणावर अशी धडक दिली की तो पुढे कलंडला. माझं तोंड एक बोट वर झालं आणि त्याच क्षणी त्याचं बोट माझ्यावर दाबलं गेलं. नागूबाई मोठ्याने हसत होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. ऊन चांगलं होतं. मी जे समोर होतं ते घेतलं.

"साहेबाला मेंढा भ्येत न्हाय बघ," ती म्हणाली.

कुमारने पँट झटकली, तिसरा फोटो काढला आणि मग त्याचं लक्ष माझ्या पडद्यावरच्या खुणेकडे गेलं. "आता गं! कार्डच न्हाय ह्यात. गेली मेहनत." दुसऱ्या दिवशी कार्ड घालून त्याने सगळे फोटो पुन्हा काढले. कार्ड आत असलं की मी फक्त कार्डातलंच दाखवतो. माझी घडणच तशी आहे. ते तीन फोटो माझ्या पोटात राहिले आणि कार्डाखाली झाकले गेले.

पुढे फोटो मोबाईलवरच काढायचे असा हुकूम आला. कुमारने एक मोबाईल घेतला आणि मला जुन्या पायमोज्यात घालून कपाटात ठेवलं. पहिले काही महिने मला वाटायचं की आज कोणी खण उघडेल. मग तेही वाटेनासं झालं.

तीन वर्षांपूर्वी त्या खणात एक काळी पिशवी आली. आत मिररलेस जातीचा नवा, मोठा कॅमेरा होता, त्या जातीतला सगळ्यात साधा. तो कुमारच्या मुलीचा, समृद्धीचा. ती आता चोवीस वर्षांची आहे आणि उमरग्याच्या मंगल कार्यालयांत लग्नाचे फोटो काढते. हातात माईक धरून 'फोटोवाल्या मॅडम, बाजूला सरका' असं म्हणणारे भटजी तिला चांगले ओळखतात.

तुम्हाला वाटेल, मला त्याचा हेवा वाटला असेल. नाही वाटला. खरं ते सांगतो. ज्या पट्टीवर उजेड पडून फोटो उमटतो ती माझ्यात तुरीच्या दाण्याएवढी आहे, त्याच्यात टपालाच्या तिकिटाएवढी. मांडवात दिवे गेले तरी त्याला दिसतं, मला सगळं मुरमुऱ्यांसारखं दाणेदार दिसतं. त्याची भिंगं बदलता येतात. माणसाचा डोळा कुठे आहे ते त्याला आपोआप सापडतं आणि तो त्यावर बारीक चौकट धरतो. मागचं सगळं विरघळवून पुढचा चेहरा उठवतो. हे मला कधीच जमलं नाही. माझ्या फोटोत पुढचं, मागचं, कुंपण, उकिरडा, सगळं हजर असतं. लोक त्यालाच हलका कॅमेरा म्हणतात.

त्याची अडचण एवढीच की तो खिशातून निघत नाही. पिशवीची चेन, पट्टा, झाकण, मग "थांबा हं." तोवर समोरचं माणूस सावध होतं. आणि कार्ड नसेल तर तो काहीच साठवत नाही, त्याच्या पोटात जागाच नाही.

नागूबाई तर सावध व्हायला एका पायावर तयार. या घरात वर्षानुवर्षं फोटो म्हटला की तो जनावराचा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कोणी मोबाईल उचलला की ती जवळचं कोकरू उचलून तोंडापुढे धरायची. कोकरू नसलं तर शेजारचं पोर. "माज्या तोंडाचं काय घेतूस? हिचं घे, हिचं." लग्नात मोठे दीर समोर बसलेले असायचे, म्हणून पदर नाकापर्यंत. समृद्धीने मिररलेस आणला तेव्हा पहिला फोटो आजीचाच काढायचं ठरवलं. आजीने कोकरू पुढे धरलं. कॅमेऱ्याने इमानाने डोळा शोधला. कोकराचा डोळा अप्रतिम आला, पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. मागे आजी म्हणून एक हिरवट ढग होता. सगळे हसले आणि समृद्धी म्हणाली, "काढू की पुढं कवातरी."

याच काळात हरिबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. सहा वर्षं ते ऑपरेशन पुढे ढकलत होते. पावसाळा होऊ दे, मेंढ्या विऊ दे, कातरणी होऊ दे. त्यांना घाई नव्हती, कारण त्यांना सगळं नागूबाई सांगायची. "पायापुढं दगड हाय." "समोरून पाटील यायलेत, राम राम घाला." ते दगड चुकवायचे आणि राम राम घालायचे.

गेल्या पौषात नागूबाई तीन दिवसांच्या तापाने गेली.

दहाव्यासाठी फोटो लागतो. घरात शोधाशोध झाली. मोबाईलमध्ये कोकरं निघाली, पोरं निघाली, पदर निघाले. शेवटी आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो बाजारातल्या एका फोटोवाल्याला दिला. त्याने तो मोठा केला, चेहरा गोरा केला, डाग समजून गोंदण पुसून टाकलं आणि खाली जांभळ्या साडीतलं तयार अंग जोडलं. त्या फोटोला हार घालून तो भिंतीवर लावला. माझं कपाट त्याच भिंतीला लागून आहे. हरिबांना तेव्हा दिसत नव्हतं, त्यांनी नुसते हात जोडले.

चैत्रात ते स्वतःहूनच कुमारला म्हणाले, "चल, डोळे करून आणू. आता मला कोन सांगनार?"

उमरग्याला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पंधरा दिवसांच्या अंतराने. दुसरी पट्टी निघाली आणि ते घरी आले, ती दुपार मला आठवते. कपाटाचं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. ते एकेकाकडे बघून बोलत होते.

"कुमार, तुजे केस कवा पिकले?"

"लई दिवस झाले, आप्पा."

"आन्‌ ही समू. माज्या थोरल्या भनीवर गेलीस गं तू." मग ते भिंतीकडे वळले असावेत. "ही कुनाची बाई टांगली इथं?"

कुमार हळूच म्हणाला, "माय हाय ती, आप्पा."

"न्हाय," हरिबा म्हणाले. "ही आमची न्हाय."

त्यानंतर त्यांनी रोज एकच मागणं लावलं. तिचा चेहरा दाखवा. या डोळ्यांनी एकदा दाखवा. ते रागावत नव्हते, रडतही नव्हते. जेवताना विचारायचे, अंगण झाडताना विचारायचे. एकदा म्हणाले, "सहा सालं सोबत असून म्या तिला बघितली न्हाय. आता डोळे हायत तर ती न्हाय." कुमार ताटावरून उठून गेला.

मी खणात होतो. मला ओरडायचं होतं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही झालं नाही. मी बंद होतो. फोटो माझ्या पोटात होता, जसा दहा-बारा वर्षं होता. एवढंच मला माहीत होतं.

एका रविवारी समृद्धी आपल्या कॅमेऱ्याची पिशवी काढायला वाकली आणि तिच्या हाताला पायमोजा लागला. तिने मला बाहेर काढलं. चार्जर जुन्या वायरींच्या डब्यात मिळाला. माझी बॅटरी फुगली होती, ती नखाने दाबून बसवावी लागली. तासभराने मी उघडलो. नळी अर्ध्यावर अडकली, पण पडदा लागला. मला उजेड दिसला. सोसला नाही फारसा.

ती कार्डातले फोटो बघू लागली. कान. कान. पुन्हा कान. कुमार मागे येऊन उभा राहिला. हरिबाही आले. मेंढीचा एक कान आला तेव्हा हरिबांनी तिचा हात धरून थांबवलं.

"हात तिचा हाय," ते म्हणाले. "ह्या बोटाला इळा लागला व्हता." पुढचा फोटो, पुन्हा तोच हात. असे त्रेचाळीस फोटो निघाले. त्रेचाळीस वेळा नागूबाईचा हात आणि बिल्ल्याचा नंबर. तोंड एकातही नाही.

कुमार खाली बसला. "म्या कानाकडंच बघत राहिलो," तो म्हणाला. "माय म्होरं हुती आन्‌ म्या कानाकडं बघत राहिलो." माझ्यावर त्याचे अंगठ्याचे ठसे अजून होते. त्या वेळी मला वाईट वाटलं. थोडं, पण वाटलं.

"हातांचे तरी मोठे करून देते, आबा," असं म्हणत समृद्धीने माझ्या बुडाचं झाकण उघडलं आणि कार्ड काढून घेतलं. मला बंद करायला ती विसरली. मी क्षणभर काळा झालो. मग माझी घडण जशी आहे तसं मी केलं. कार्ड नाही, तेव्हा पोटातलं दाखवलं.

पहिला कान आला. "कार्ड तर म्या काढलं," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पुढे मेंढीचा कान, बिल्ल्याचा नंबर स्वच्छ. त्याच्या मागे, जरा पुसट, नागूबाई. पदर खांद्यावर, तोंड उघडं, दोन दात पडलेले, कपाळाचं गोंदण आणि सगळ्या चेहऱ्यावर हसू. माझं लक्ष कानावर होतं, पण मागचं विरघळवायची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून ती राहिली.

कोणी काही बोलायच्या आत माझ्या पडद्यावर लाल खूण लुकलुकायला लागली. समृद्धीला ती खूण कळते. तिने मला उंबऱ्यावर टेकवलं, धावत जाऊन काळी पिशवी ओढली. चेन, पट्टा, झाकण. या खेपेला ती कोणालाही "थांबा" म्हणाली नाही. मिररलेसचं भिंग माझ्या पडद्यावर वाकलं. त्याने आपली बारीक चौकट फिरवली आणि नागूबाईचा डोळा शोधला. खट्‌. खट्‌. तिसऱ्या वेळी मी विझलो.

त्यानंतर मी पुन्हा लागलो नाही. नवी बॅटरी मागवून झाली, उमरग्याच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन झालं. तो म्हणाला की याचं आता काही होत नाही. ते तीन फोटो माझ्यातच राहिले. पण तो एक बाहेर पडला होता.

समृद्धीने तो वहीच्या पानाएवढा छापून आणला. माझ्या पडद्याचे बारीक ठिपके त्यात उठले होते, घोंगडीच्या विणीसारखे. तिला ते आवडलं नव्हतं. हरिबा फोटो घेऊन दारात गेले, उजेडाकडे धरला आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"पुसट आलाय, आबा," ती म्हणाली. "तुमी म्हणाला तर कॉम्प्युटरवर साफ करून देते. तोंड एकदम लख्ख हुतंय."

"नको. हात लावू नको त्याला."

"अहो, नीट दिसत न्हाय..."

"डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा आला हुता तवा मला ती अशीच दिसायची," हरिबा म्हणाले. "तवा म्होरचं जनावर एवढं साफ दिसायचं न्हाय, पर ती एवढी, अशीच. हसली की अशीच." त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, सहा सालं म्या तिला बघितलीच न्हाय. बघितली हुती की, कुमार. हीच हुती."

मग ते आत आले आणि भिंतीवरच्या जांभळ्या साडीवाल्या बाईचा हार त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला.

मित्रांनो, असल्या गोष्टी सांगणारी वस्तू शेवटी म्हणते की मला जपा, मला फेकू नका. मला तसं काही मागायचं नाही. मी आता पुन्हा पायमोज्यात आहे, शेजारी काळी पिशवी येते आणि जाते. कॅमेरा मोठा असो की लहान, तो तुम्ही रोखाल तिकडेच बघतो. कामाचं जे आहे ते नीट घ्या, त्यात कुचराई करू नका. ते झालं की हात एक बोट वर उचला. कान धरणाऱ्यालाही तोंड असतं.

कुमार अजून कानांचे फोटो काढतो, मोबाईलवर. परवा समृद्धी त्याच्याबरोबर मुरुमच्या बाजाराकडे गेली होती, तिने घरी येऊन सांगितलं. एका म्हातारीने शेळीचा कान धरला होता. नंबर साफ आला. म्हातारी कान सोडायला लागली.

"झालं न्हवं, साहेब? कान आला की."

"कान आला, मावशी," कुमार म्हणाला. "आता तुमी वर बघा."